बारावीला ५२ टक्के आणि चार वर्षांचं बी.एस्सी. नर्सिंग : मी शिकले त्या कॉलेजचा रिव्ह्यू

दिवाळीत मंगळवेढ्याला मावशीकडे गेले होते. जेवणं झाली, मी मागच्या अंगणात हात धुवायला गेले तर मावसबहीण भांडी घासत बसली होती. यंदा बारावीला आहे. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "आक्का, मला डोकं बेताचंच हाय. पाठ केलेलं ऱ्हात नाही. पण राबायला मी मागं सरत नाही. नर्सिंगला तेवढ्यावर भागतंय का?"

आतून मावशीचा आवाज आला, "न भागायला काय झालं? सुया तर टोचायच्या असत्यात!"

मी त्या रात्री "भागतं गं, कर तू" एवढंच म्हणून वेळ निभावली. पण परत आल्यावर ड्यूटीवर आठ दिवस तिचा प्रश्न डोक्यात राहिला. मी तिला अर्धंच सांगितलं होतं. भागतं, हे खरं. पण कशा प्रकारच्या मेहनतीवर भागतं, आणि ती मेहनत करायला कॉलेजने तुम्हाला काय द्यावं लागतं, हे सांगायचं राहिलं. म्हणून मी जिथे चार वर्षं पैसे भरून शिकले त्या कॉलेजबद्दल सविस्तर लिहितेय. कॉलेजचं नाव लिहीत नाही. मी सांगतेय ते २०१४ ते २०१८ मधलं आहे, त्यानंतर तिथला स्टाफ बदललाय. आणि खरं तर एका नावापेक्षा काय बघून घ्यायचं ते महत्त्वाचं आहे.

मी २०१४ ला बारावी सायन्स झाले, ५२ टक्क्यांनी. फिजिक्स जेमतेम निघालं होतं. शाळा गावातली, मराठी माध्यमाची. वडिलांची जिरायत जमीन, ज्वारी आणि थोडी करडई. बी.एस्सी. नर्सिंगला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीत मिळून किमान ४५ टक्के लागतात, तेवढे माझ्याकडे होते. जीएनएम हा तीन वर्षांचा डिप्लोमा आर्ट्सवाल्यांनाही करता येतो, पण मला डिग्रीच करायची होती. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका शहरातलं खाजगी कॉलेज मिळालं. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न, इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या यादीत नाव, सगळं कागदोपत्री व्यवस्थित. फी वर्षाला ८० हजार, हॉस्टेल आणि मेस वेगळं. शिष्यवृत्तीतून निम्मी फी परत यायची, पण ती येईपर्यंत कॉलेज सगळी रक्कम आधी भरून घ्यायचं. वडिलांनी पहिल्या दोन वर्षांची फी सोसायटीचं कर्ज काढून भरली. हे सांगायला हवं, कारण अशा घरातल्या मुलीला "वर्षभर करून बघू, नाही जमलं तर सोडू" हा पर्याय नसतो.

पहिले तीन महिने मी रोज रडले. कारण अवघडपणा नव्हता, कारण इंग्रजी होतं. अ‍ॅनाटॉमीच्या मॅडम चांगल्या होत्या, पण तासभर बोललेल्यातलं मला पंचवीस टक्के कळायचं. बाकीचं मी अक्षरश: जसंच्या तसं उतरवून घ्यायचे आणि रात्री पाठ करायचे. माझ्या शेजारच्या खाटेवरची मैत्रीण माझ्याहून जास्त राबायची. पहाटे चारला उठून पाठांतर. तिच्या वहीला मागच्या पानांपर्यंत घामाचे डाग होते. ती पहिल्या वर्षी अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजीत राहिली, पुन्हा बसली, पुन्हा राहिली. थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हीत वेगवेगळे ५० टक्के लागतात, आणि तिचं थिअरी ४१ च्या पुढे सरकेना. तिच्या मेहनतीत काडीची कसर नव्हती. ती न कळलेलं पाठ करत होती, एवढंच. प्रश्नात एक शब्द बदलला की तिचं सगळं उत्तर कोसळायचं.

मला वाचवलं ते एका साध्या गोष्टीनं. लायब्ररीत एक सीनियर ब्रदर बसायचे, बीडकडचे. त्यांनी माझी वही बघितली आणि म्हणाले, "हे इंग्रजी नाहीच. तुकडे कर." त्यांनी दाखवलं. 'टॅकी' म्हणजे जलद, 'ब्रॅडी' म्हणजे मंद, 'डिस' म्हणजे त्रासाने, 'प्निया' म्हणजे श्वास, 'ऑलिग' म्हणजे कमी, 'युरिया' लागलं की लघवी. मग डिस्प्निया म्हणजे धाप, टॅकिप्निया म्हणजे भराभरा श्वास, ऑलिगुरिया म्हणजे लघवी कमी होणं. मी शंभर पानी वही घेतली आणि डावीकडे तुकडा, उजवीकडे मराठी असं लिहीत गेले. दिवाळीपर्यंत साडेतीनशे तुकडे झाले. त्यानंतर पुस्तकं उघडली की भीती वाटेनाशी झाली. कॉलेजने मात्र चार वर्षांत कधी असा एक तास घेतला नाही. इंग्रजी हा विषय होता, त्यात निबंध आणि पत्रलेखन होतं. वर्गात साठातल्या चाळीस तरी मुली मराठी माध्यमाच्या असताना हा कॉलेजचा मोठा दोष होता असं मी आजही मानते. अ‍ॅडमिशनच्या दिवशी 'सगळ्या माध्यमांच्या विद्यार्थ्यांचे स्वागत' असा बोर्ड होता. बोर्ड लावून एवढं तरी शिकवायला हवं होतं.

आता बुद्धीचं. आमच्या वर्गात बारावीला ८४ टक्केवाली एक मुलगी होती. एमबीबीएस थोडक्यात हुकलेली. वर्गात सगळ्यात आधी तिला कळायचं. तिसऱ्या महिन्यात आम्हाला मेडिसिन वॉर्डला नेलं, तिथे एका आजोबांच्या कंबरेला बेडसोर होता, म्हणजे पडून पडून झालेली जखम, मूठभर खोल. ड्रेसिंग सोडलं तेव्हा वास आला. ती बाहेर गेली आणि पंधरा दिवसांत कॉलेजच सोडून गेली. तिला मी कमी लेखत नाही. ते तिचं काम नव्हतं आणि तिला ते वेळेत कळलं. पण मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की इथे बारावीच्या मार्कांचा हिशेब वेगळा आहे. मी त्या आजोबांजवळ थांबले कारण आमच्या आज्जीला शेवटी तसाच सोर झाला होता आणि आईने तो चार महिने धुतला होता. वास मला नवा नव्हता.

गणिताची मात्र मला धास्ती होती, आणि नर्सिंगमध्ये गणित रोज लागतं, हे कुणी आधी सांगत नाही. ५०० मिलीची सलाईन आठ तासांत जायची असेल आणि सेट, म्हणजे सलाईनची नळी, २० थेंबांना एक मिली असा असेल, तर मिनिटाला किती थेंब? ५०० गुणिले २० म्हणजे १० हजार, आठ तास म्हणजे ४८० मिनिटं, भागाकार २०.८, म्हणजे २१ थेंब. वहीत हे दोन मिनिटांत होतं. वॉर्डात रुग्णाच्या बायकोच्या, डॉक्टरांच्या, इन्चार्ज सिस्टरच्या नजरेसमोर माझा भागाकार चुकायचा. मग मी एक तक्ता केला, ५०० मिली चार तासांत, सहा तासांत, आठ तासांत, बारा तासांत, आणि एप्रनच्या खिशात ठेवला. हातात घड्याळ घेऊन ड्रिप चेंबरसमोर उभी राहायची आणि पूर्ण एक मिनिट मोजायची. एकदा एका म्हातारीने विचारलं, "पोरी, काय मोजतीयास गं?" मी म्हटलं, "आज्जी, थेंब." ती म्हणाली, "मोज मोज, पावसाचं बी असंच मोजावं लागतंय आमाला."

सरासरी बुद्धीच्या मुलीला कुठे अडकायला होतं आणि कुठे सुटायला होतं, ते मला एका सिरिंजवर कळलं. ते जवळून सांगते.

दुसऱ्या वर्षाची पोस्टिंग, पुरुषांचा मेडिसिन वॉर्ड. सकाळचे साडेसात. एका डायबेटिक काकांना नाश्त्याआधी २० युनिट इन्सुलिन लिहिलेलं. ट्रेमध्ये इन्सुलिनची बाटली आणि एक सिरिंज. मी २० च्या रेघेपर्यंत औषध भरलं. मागे आमच्या क्लिनिकल ट्यूटर, म्हणजे वॉर्डात शिकवणाऱ्या मॅडम उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "थांब. बाटलीवर काय लिहिलंय ते मोठ्यानं वाच." मी वाचलं, "४० आय. यू. पर एमएल." "आता सिरिंजवर." मी वाचलं, "१००." त्या काही बोलल्या नाहीत. मीही गप्प उभी. काका आमच्या दोघींकडे बघतायत.

सिरिंजचं टोपण केशरी होतं. केशरी म्हणजे यू-१००. तिच्यावरची २० ची रेघ म्हणजे ०.२ मिली. बाटली यू-४० ची, म्हणजे एका मिलीत ४० युनिट. मग ०.२ मिलीत किती? आठ. काकांना २० ऐवजी ८ युनिट गेले असते आणि फाईलवर २० दिले असं माझ्या सहीने लिहिलं गेलं असतं. दुपारी साखर वर आली असती, डॉक्टरांनी डोस वाढवला असता, आणि संध्याकाळी दुसऱ्या सिस्टरने लाल टोपणाची योग्य सिरिंज वापरून तो वाढलेला डोस पूर्ण दिला असता. पुढे काय झालं असतं ते मॅडमनी मला तिथेच, ट्रॉलीशेजारी, माझ्याच तोंडून वदवून घेतलं. माझे हात थंड पडले होते.

त्यात न कळण्यासारखं काय होतं? चौथीतलं गणित. माझ्याकडे बुद्धी कमी होती म्हणून ते घडत नव्हतं. मी वाचलं नव्हतं म्हणून घडत होतं. त्या दिवसापासून आजपर्यंत मी बाटली आणि सिरिंज दोन्ही ओठ हलवून वाचते. नव्या सिस्टर बघतात. बघू देत.

ह्या मॅडम म्हणजे त्या कॉलेजची माझ्या मते सगळ्यात मोठी जमेची बाजू होती. चार वर्षांत वॉर्डात खरोखर पाठीशी उभ्या राहणाऱ्या ट्यूटर तीन लाभल्या, त्यांतल्या ह्या एक. बाकीच्या सकाळी हजेरी घेऊन हॉस्पिटलच्या लायब्ररीत जाऊन बसायच्या आणि आम्ही वॉर्डात मामा-मावशांना विचारत फिरायचो. त्या तीन जणींच्या बळावर मी परिचारिका झाले असं मी म्हणेन. पाठीशी उभं राहून "वाच" म्हणणारं माणूस असेल तर बेताच्या बुद्धीची मुलगी तरून जाते. नसेल तर हुशार मुलगीसुद्धा केशरी टोपणाच्या सिरिंजने २० च्या रेघेपर्यंत भरते आणि टोचून मोकळी होते.

वह्यांबद्दल मात्र माझी मनापासून तक्रार आहे. केअर प्लॅन, केस स्टडी, प्रोसिजर बुक, ड्रग बुक, लॉगबुक, हेल्थ टॉकचे चार्ट. केअर प्लॅन लिहिणं वाईट नाही. रुग्णाची अडचण काय, आपण काय करणार, का करणार, झालं का, हे लिहायची सवय लागली की डोकं शिस्तीत चालतं. पण आमच्याकडे हे सगळं मार्जिन आखून, दोन रंगांच्या पेनाने, चित्रं काढून द्यावं लागायचं, आणि चित्र नसेल तर परत. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत किडनीची चित्रं रंगवलीत मी. सीनियरांच्या फाईली खाली आलेल्या असायच्या, नाव बदलून सगळ्या त्याच उतरवायच्या. त्यातल्या एका केस स्टडीतले रुग्ण सहा बॅचेस अ‍ॅडमिटच होते. ही मेहनत वाया गेलेली मेहनत आहे. मुलगी थकते, आई-वडिलांना वाटतं पोरगी केवढी अभ्यास करते, आणि दुसऱ्या दिवशी पोस्टिंगला ती पेंगत उभी असते. माझ्या मैत्रिणीचे ते पहाटेचे चार तास आणि हे रात्रीचे चार तास मी एकाच रांगेत धरते.

खरा अभाव तिसऱ्या-चौथ्या वर्षी कळला, मिडवायफरीला. आमच्या वेळच्या अभ्यासक्रमात प्रत्येक विद्यार्थिनीने स्वत:च्या हातांनी २० नॉर्मल बाळंतपणं करायची होती, ३० गरोदर बायकांची पोटतपासणी करायची होती. कॉलेजच्या स्वत:च्या हॉस्पिटलमध्ये महिन्याला जेमतेम पंधरा-वीस बाळंतपणं व्हायची, त्यातली बरीचशी सिझेरियन. आम्ही साठ जणी. बोर्डावर शंभराहून जास्त खाटा लिहिलेल्या होत्या, पण तपासणीला कमिटी यायच्या आधी दोन दिवस वॉर्ड भरलेला दिसायचा आणि एरवी मोकळा. तुमच्याकडे मेहनतीची कितीही तयारी असो, बाईच नसेल तर बाळंतपण शिकणार कुठून? काही मुलींनी एकाच बाळंतपणावर चौघींनी नावं लावली. काहींनी रजिस्टरवरचे नंबर उतरवले. मी त्यांना दोष देत नाही, परीक्षेला वही पूर्ण लागते. पण अशी वही घेऊन पास झालेली मुलगी पुढे एखाद्या ग्रामीण रुग्णालयात रात्री दोन वाजता एकटी असते.

आम्ही अकरा जणी प्राचार्यांकडे गेलो. चार वेळा गेलो. शेवटी आम्हाला सहा आठवडे सरकारी रुग्णालयाच्या लेबर रूमला पाठवलं, बसभाडं आमचं आम्ही. ते सहा आठवडे माझ्या चार वर्षांतले सर्वात मोलाचे. तिथल्या इन्चार्ज सिस्टर उस्मानाबादकडच्या, पन्नाशीच्या. पहिल्या दिवशी म्हणाल्या, "पुस्तक बाजूला ठेवा. आधी पोटावर हात ठेवून कळ मोजा. कळ कधी आली, किती वेळ राहिली, कधी गेली. दोन तास हेच करा." दोन तास मी एका वाडीवरच्या बाईच्या पोटावर हात ठेवून बसले. ती माझ्याहून वर्षाने लहान होती, दुसरं बाळंतपण. तिने माझं मनगट असं धरलं होतं की संध्याकाळी वळ उठले. दहा मिनिटांत तीन कळा, चाळीस-पंचेचाळीस सेकंदांच्या. सिस्टर आल्या, तपासलं, म्हणाल्या, "आता घे तू. मी हाय." बाळाचं डोकं दिसायला लागल्यावर तळहाताने सावकाश आधार द्यायचा, घाई करायची नाही, मानेभोवती नाळ आहे का बोट फिरवून बघायचं. बाळ बाहेर आलं आणि रडलं नाही. मी गोठले. सिस्टरांनी हात पुढे केला नाही, फक्त म्हणाल्या, "पूस. पाठ चोळ." मी कोरड्या फडक्याने अंग पुसलं, पाठ चोळली, आणि ते रडलं. मुलगी होती. २ किलो ६००.

विसाव्या बाळंतपणाची नोंद केली तेव्हा माझी वही कळकट झाली होती आणि तिच्यात एकही चित्र नव्हतं. कॉलेजात ती वही अस्वच्छ म्हणून दोन मार्क कमी मिळाले.

शेवटच्या वर्षाचं एक सांगते, कारण मावसबहिणीच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या रात्री मिळालं. सर्जरी वॉर्ड, नाईट. चार्टवर श्वासाच्या रकान्यात सगळ्यांच्या नावापुढे २०, २०, २०, २२, २० असं लिहिलेलं होतं. कुठल्याही वॉर्डात जा, हा रकाना बघा. नाडी मशीनवर दिसते, ताप थर्मामीटर सांगतो, श्वास मात्र बसून एक मिनिट मोजावा लागतो, म्हणून तो मोजला जात नाही. मी मोजत होते, कारण पहिल्या वर्षी मॅडमनी मोजायला लावलं होतं आणि मला दुसरं काही येत नव्हतं. नऊ नंबरच्या मावशी शांत पडून होत्या, झोपल्यासारख्या. छाती बघितली, मोजलं, ३४. पुन्हा मोजलं, ३४. बोटाला प्रोब लावला, ऑक्सिजन ९१. रेसिडेंट डॉक्टरांना उठवलं. ते आधी वैतागले, मग आले आणि छातीला स्टेथोस्कोप लावल्यावर त्यांचा वैताग गेला. सलाईन थांबवली, ऑक्सिजन लावला, फुप्फुसात पाणी साठत होतं म्हणून लॅसिक्स, लघवीवाटे पाणी काढणारं औषध, दिलं. सकाळी मावशी चहा मागत होत्या. टॅकिप्निया हा शब्द मला तुकडे करून आला होता, पण त्या रात्री मी तो डोळ्यांनी बघितला.

डॉक्टर जाताना म्हणाले, "सिस्टर, बरं झालं मोजलंत." मी तेव्हा विद्यार्थिनी होते. मला कुणी पहिल्यांदाच सिस्टर म्हटलं होतं.

तर पैसे वसूल झाले का? चार वर्षांत घरचे साडेचार लाखांच्या आसपास गेले, शिष्यवृत्ती वजा करून तीनेक. २०१८ ला पास झाले, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी झाली, पुण्यात एका खाजगी हॉस्पिटलच्या आयसीयूत लागले. पहिला पगार १६ हजार, तो फीच्या मानाने फार कमी होता, आणि खाजगीत अजूनही तो तसाच कमी आहे हे जाणाऱ्या प्रत्येक मुलीने धरून चालावं. आधी माझ्या मूळ मार्कशीट कॉलेजने दोन महिने अडवून ठेवल्या होत्या, शिष्यवृत्तीचा शेवटचा हप्ता आला नाही म्हणून. त्या दोन महिन्यांत एक चांगली संधी गेली. कोविडची दोन वर्षं आयसीयूतच काढली. मग स्पर्धा परीक्षा दिली, पहिल्यांदा राहिले, दुसऱ्यांदा लागले. गेली दोन वर्षं जिल्हा रुग्णालयात अधिपरिचारिका आहे. सोसायटीचं कर्ज मी फेडलं. वडिलांनी पावती देवघरात ठेवलीय.

कॉलेजला पाचपैकी अडीच तारे देईन. दीड त्या तीन ट्यूटरांचे, एक सरकारी रुग्णालयात पाठवल्याचा, तोही आम्ही भांडून घेतलेला. वर्गातलं शिकवणं ठीक. हॉस्टेल सुरक्षित होतं, मेसची भाजी पातळ होती, त्याने काही बिघडत नाही.

आता मावसबहिणीला मी फोनवर जे सांगितलं ते. बी.एस्सी. नर्सिंगला राज्याची वेगळी सीईटी आहे. शंभर मार्कांचा पेपर, फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंग्रजी आणि नर्सिंग अ‍ॅप्टिट्यूड प्रत्येकी वीस. इंग्रजीचे वीस आत्तापासून धर, ते पुढे चार वर्षं उपयोगी पडतात. सरकारी कॉलेज मिळालं तर डोळे झाकून घे, कारण तिथे रुग्ण आहेत. खाजगी घ्यावं लागलं तर इमारत, बस, लॅबमधला पुतळा बघू नकोस. कौन्सिलच्या निकषात एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण सांगितलेत, कॉलेजचं स्वत:चं किमान १०० खाटांचं हॉस्पिटल सांगितलंय. अ‍ॅडमिशनच्या ऑफिसात हे विचारू नकोस, तिथे सगळे हो म्हणतात. मंगळवारी-बुधवारी सकाळी दहाच्या सुमाराला त्या हॉस्पिटलात भेटायला आलेल्या नातेवाइकासारखी जा आणि वॉर्डावॉर्डांतून चालत जा. खाटा मोजू नकोस, माणसं मोज. प्रसूती विभागाबाहेरच्या बाकावर अर्धा तास बस. पांढऱ्या एप्रनमधल्या मुली कुणाबरोबर उभ्या आहेत ते बघ, ट्यूटर शेजारी आहे का. तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलीला कँटीनमध्ये गाठ आणि विचार, तुझी आत्तापर्यंत किती बाळंतपणं झाली.

ती ऐकत होती, मध्येच म्हणाली, "पण आक्का, माझ्या डोक्याचं काय?"

मी म्हटलं, "तू मावशीच्या गोळ्या सांभाळतीस का गं? बीपीच्या?" म्हणाली, "व्हय, सकाळी अर्धी, रातच्याला एक. आईला चष्म्याबिगर दिसत नाही, तर मीच पाकिटावरचं वाचून देते. मागल्या महिन्यात मेडिकलवाल्यानं पाचऐवजी दहाची दिली होती, म्या परत नेली."

मी तिला म्हटलं, फॉर्म भर.

परवा तिचा फोन आला. दादांना, म्हणजे तिच्या वडिलांना घेऊन एका कॉलेजच्या हॉस्पिटलला गेली होती, बुधवारी, दहा वाजता. "आक्का, बोर्डावर १२० लिवल्यात. म्या तिन्ही मजले फिरले. माणसं २६. त्यातली चार तर बाहेरच्या खुर्च्यांवरची, ती बी धरली. आन् पोरी मोजल्या तर ४१. बाळंतिणीच्या वॉर्डाला कुलूप होतं." मी विचारलं, मग? म्हणाली, "मग काय, दादांनी फॉर्म पिशवीतच ठिवला. येत्या मंगळवारी दुसरं बघायला जातोय."